गोचीड आमच्याकडे नसतात

कुत्र्यांचा दवाखाना चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप अंगावर चढतात. ऊन वाढलं की वारज्यात गोचीड तापाची साथ येते. गोचीड चावतो, रक्तात परजीवी सोडतो, कुत्रं जेवण टाकतं आणि मालक मला सांगतात, "डॉक्टर, याला नजर लागलीय."

नारायण पेठेतून एक गृहस्थ आले. मी विचारलं, "अंगावर गोचीड दिसले का?"

"अहो, आमच्याकडे? आम्ही रोज फरशी पुसतो."

तेवढ्यात एक गोचीड त्यांच्याच कॉलरवर चढताना दिसला. मी म्हटलं, "मग हा माझ्याकडचा असेल. ठेवून जा."

कसब्यातल्या एका काकूंनी दाखवायला म्हणून गोचीड पेढ्यांच्या बॉक्समधून आणले. नेमका आमच्या रिसेप्शनिस्ट स्नेहाचा वाढदिवस होता. तेव्हापासून दवाखान्यात कोणी पेढे आणले की तिचा उपास असतो.

आयटीतल्या एका तरुणाच्या रॉकीच्या प्लेटलेट्स घसरल्या. नेटवर वाचून त्याने पपईच्या पानांचा रस काढला. रॉकी तोंड लावेना, म्हणून कसं प्यायचं ते दाखवायला स्वतःच ग्लासभर प्यायला. रॉकी नुसता बघत राहिला. दोघांत शहाणा कोण, ते मला तिथेच कळलं.

देसाई काकूंचा मोती आला तेव्हा मात्र माझीच बोबडी वळली. हिरड्या पांढऱ्याफटक. आज रक्त चढवलं नाही तर तो जाणार होता. रक्त द्यायला मोठा, धडधाकट कुत्रा हवा. तसा एकच जवळ होता, काकूंच्या समोरच्या फ्लॅटमधल्या साठे काकांचा ब्रूनो. पार्किंगवरून दोन्ही घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. काकू फोन करेनात, म्हणून मी केला. काका लगेच ब्रूनोला घेऊन आले आणि काकूंच्याच बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसले.

रक्त जुळलं. संध्याकाळी मोतीने शेपूट हलवली. काकूंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, त्यांना सांगा, फार उपकार झाले."

काकाही माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्यांना सांगा, हे कुत्र्यांचं आपसातलं आहे. आमचं बंदच आहे."

"सांगा, ब्रूनोसाठी चिकन शिजवून डबा दाराशी ठेवीन."

काकांनी ब्रूनोचा पट्टा हातात घेतला. "म्हणावं, मीठ घालू नका."

"कळतं म्हणावं. आणि डबा धुऊन परत हवा."