सगुणाआत्याचं न आलेलं बोलावणं

फुलंब्रीला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले होते. अक्षता पडल्या, पंगत बसायची होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आमच्याकडे राहणारी आमिना बोलत होती. आमच्या शहरात तिला बरीच वर्षं झाली, तरी घाबरली की तिची हिंदी अजून अडखळते. "दीदी... बीबी चली गई," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. बीबी म्हणजे माझी सगुणाआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमिना टांझानियाची. तिच्या भाषेत आजीला बीबी म्हणतात. मी न जेवता निघाले. जीपमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? आत्या, म्हटलं. म्हातारी होती का? होय, म्हटलं. "मग सुटली म्हणायची," ती म्हणाली. शहराच्या तोंडाशी हर्सूल येईस्तोवर मी त्या एका शब्दाचा विचार करत होते. सुटली... कशातून?

आत्याचा जन्म फुलंब्रीच्या पुढच्या आमच्या गावातला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नसत. बायका कळशी घेऊन खाली उभ्या राहायच्या आणि वरून कुणाला दया आली तर पाणी पडायचं. मिशनचे पाद्री वस्तीत यायला लागले तेव्हा आजोबांनी सगळ्या घरादारासह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी आत्या नवं परकर-पोलकं घालून कळशीसह थेट विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली. आता आपण वेगळे झालो, असं तिला वाटलं होतं. तिला तिथून दगड मारून हाकललं. कपाळावर भुवईच्या वर खोक पडली. आजोबांनी जखमेत हळद भरता भरता म्हटलं, "देव बदलला पोरी. इहीर तीच हाय." हे सांगताना आत्या हसायची, पण ते हसू पाहवत नसे.

पाद्र्यांनी तिला शाळेत घातलं, पुढे मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला घेतलं. हे ऋण ती कधी विसरली नाही आणि मीही नाकारणार नाही. आमच्या घरात अक्षर आलं ते त्या माणसांमुळे. पोलिस अॅक्शन झाली तेव्हा ती दवाखान्यातच होती. आधी रझाकारांनी जखमी केलेली माणसं गाडीत घालून आणली जायची. मग वारं फिरलं आणि खेड्यांतून जखमी मुसलमान बाया-पोरं येऊ लागली. एकाच चादरीवर, एकाच टाक्यानं दोघांच्याही जखमा शिवल्या, असं ती सांगे. "आत कातडं सारखंच लाल दिसतं गं. ते बघितलेलं माणूस मग कुणाला भीत नाय." तिला पुढे जे सगळं महागात पडलं ते या न भिण्यामुळेच.

काही वर्षांनी मिशनला टांगानिकातल्या, म्हणजे आताच्या टांझानियातल्या, एका आडरानातल्या दवाखान्यासाठी नर्स हवी होती. गोरी कुणी तयार नव्हती. आत्यानं हात वर केला. तिला निरोप द्यायला चर्चची मंडळी जमली, गाणी म्हटली, हार घातला. लग्न करायचं राहूनच गेलं. बोटीत बसेपर्यंत ती स्वतःला मिशनरी समजत होती. तिथं उतरल्यावर कळलं की मिशनरी म्हणजे डॉक्टरसाहेब, त्यांची मडम आणि शाळेची मिसबाई. आत्या मदतनीस. बाळंतपणं ती करायची, महारोग्यांच्या जखमा ती धुवायची, साथीत मेलेल्यांना माती ती द्यायची. स्वाहिली भाषा ती पाण्यासारखी बोलायला लागली होती आणि डॉक्टरसाहेब शेवटपर्यंत तिच्याच तोंडून रोग्यांशी बोलले. पण ते मायदेशी गेले की तिथल्या चर्चच्या मंडळ्यांपुढे उभे राहून 'आमचं काम' म्हणायचे.

एका नाताळाला बंगल्यात जेवण होतं. आत टेबलावर गोरे, ओसरीवर सतरंजी टाकून तिथले कामकरी. आत्या कुठं बसणार याचा कुणी विचारच केला नव्हता. मडमनं बराच विचार करून तिचं ताट स्वैपाकघरात मांडलं, एकटीचं. आत्यानं ताट उचललं, वॉर्डात गेली आणि बाळंतिणींच्या मध्ये बसून जेवली. मक्याच्या पिठाचा तिथला घाटा सगळ्यांनी एका परातीत खाल्ला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी तिला बोलावून विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "माझ्या गावात मला विहिरीखाली उभं करत होते. तिथून तुम्हीच मला बाहेर काढलंत. म्हणून मला वाटलं, तुम्हाला समजेल." साहेबांना समजलं नाही. किंवा समजलं, म्हणूनच राग आला. पुढे तिनं सगळ्यांदेखत विचारलं, की मी शिकवून तयार केलेल्या इथल्या नर्सांना वॉर्ड का सोपवत नाही? त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला सांगण्यात आलं, तू थकली आहेस, घरी जाऊन विश्रांती घे, आम्ही बोलावू.

ती परत आली तेव्हा मी शाळेत शिकत होते. स्टेशनवर उतरलेली काळवंडलेली, ताठ चालणारी बाई मला परकी वाटली. मिशन कंपाउंडात तिला राहायला एक खोली मिळाली. बांधून आणलेलं सामान तिनं सोडलंच नाही. जायचंय ना परत, म्हणायची. वर्ष गेलं, मग आणखी एक. इथल्या दवाखान्यात बदली नर्स म्हणून काम करायची, पण कायमची नेमणूक घेईना. ऐनवेळी बोलावणं आलं तर अडकून पडायला नको. शेवटी मिशनचे कुणी मोठे साहेब दौऱ्यावर आले तेव्हा ती जाऊन भेटली. मी सोबत होते. साहेब फार गोड बोलले. तिथं आता तिथलेच लोक काम बघतात, म्हणाले, तुमच्या वॉर्डावर तुमच्याच हाताखालची नर्स आहे. म्हणजे तिनं मागितलेलं झालं होतं, फक्त तिला वगळून. मग तिनं विचारलं, "माझी आठवण काढतात का?" साहेब म्हणाले, प्रभू सर्वांची आठवण ठेवतो. बाहेर आल्यावर आत्या कंपाउंडाच्या फाटकाशी थांबून म्हणाली, "माझं भांडण येशूशी नाय शालू. त्याच्या कारकुनांशी हाय."

त्या संध्याकाळी तिनं सामान सोडलं.

मग पुष्कळ वर्षं तशीच गेली. ती इथल्याच दवाखान्यातून निवृत्त झाली, मी निवृत्त होत आले. एकदा आम्ही दोघी गुलमंडीच्या बाजारात खरेदीला गेलो होतो. एका दुकानापाशी दोन परदेशी मुली भाव विचारत होत्या आणि दुकानातली पोरं त्यांच्या केसांकडे बघून खिदळत होती. आमच्या विद्यापीठात टांझानियाकडची पोरं शिकायला येतात, हे आत्याला ठाऊकही नव्हतं. मुली आपसात काहीतरी बोलल्या आणि आत्या जागच्या जागी थांबली. मग तिनं तोंड उघडलं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी ती भाषा ऐकलीच नव्हती. मुली दचकल्या. एकीनं ओढणी डोळ्याला लावली. ती आमिना.

आमिनाला घरमालकानं खोली सोडायला सांगितली होती. शेजारी नाकं मुरडतात, एवढंच कारण. आत्यानं तिला कंपाउंडातल्या आपल्या खोलीत आणलं. दोघी रविवारी घाटा शिजवायच्या. आमिना नमाज पढायची, आत्या बायबल वाचायची आणि दोघींना त्यात काही अवघड वाटत नव्हतं. अवघड वाटलं ते चर्चच्या मंडळीच्या कमिटीला. सेक्रेटरी स्वतः आले. मी तिथं होते.

"सगुणाबाई, ही जागा आता मंडळीची आहे. इथं परधर्माची मुलगी ठेवता येणार नाही."

"मी त्यांच्या मुलखात राहिले तेव्हा मला कुणी धर्म नाय विचारला," आत्या म्हणाली.

"लोक बोलतात, बाई. शिवाय ती अशी..."

"काळी?"

सेक्रेटरी चपला घालू लागले.

"रंगाची अडचण हाय का धर्माची? एक काय ते ठरवून या."

ते ठरवून आले. खोलीत एकाच माणसानं राहायचं असा नियम निघाला होता. हा सेक्रेटरी आमच्याच वस्तीतला. त्याची आजी आणि माझी आजी एकाच विहिरीखाली कळशी घेऊन उभ्या राहायच्या. त्या दोघी आता असत्या तर काय म्हणाल्या असत्या, मला ठाऊक नाही. आत्यानं खोली झाडून काढली, कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली. गोऱ्यांचं तिनं मनाला लावून घेतलं होतं, गावाचं घेतलं होतं. आपल्या माणसाचं तिला बोलताच येईना. त्यानंतर ती मंडळीत गेली नाही. प्रार्थना घरीच करायची.

दोघी शहरातच, पदमपुऱ्यात माझ्याकडे आल्या. शेवटच्या वर्षात आत्याची मराठी हळूहळू गळत गेली. मला ती कुठल्या तरी नर्सच्या नावानं हाक मारायची. दाराची कडी वाजली की अंथरुणातूनच ओरडायची, "करिबू!" म्हणजे या, आत या. दूधवाला, गॅसवाला, शेजारची, सगळ्यांना तिचा तोच शब्द, आणि तेही तो ऐकून निमूट आत यायचे. मलाही त्याची सवय झाली. दुखणं वाढल्यावर ती आमिनाला रोज एकच काहीतरी विचारायची आणि आमिना मान हलवायची. एके दिवशी मी विचारलं, काय म्हणते गं ती? आमिनानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "बुलावा आया क्या, पूछती है. मैं बोलती हूँ, अभी नहीं आया." मी म्हटलं, आलं म्हणून सांग ना. "झूठ कैसे बोलूँ, दीदी? फिर वो उठ के बैठ जाएगी."

मंडळीनं शोकसभा घेतली. सेक्रेटरीच बोलले. आपल्या मंडळीनं जगाला दिलेली पहिली मिशनरी, असं म्हणाले. जिवंतपणी हा शब्द तिच्यासाठी एकानंही वापरला नव्हता. त्या दिवशी तो सगळ्यांनी वापरला, कुणी दोनदा, कुणी तीनदा. आमिना माझ्या शेजारी बसली होती. तिला कुणी बोलायला बोलावलं नाही आणि मलाही उठावंसं वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी कडी वाजली. मी आतल्या खोलीत आत्याची लुगडी निवडत होते. तोंडातून आपसूक निघून गेलं, "करिबू!" कुणी आत आलं नाही. पुन्हा कडी वाजली. जाऊन पाहिलं तर सेक्रेटरी आणि कमिटीतले दोघं. सभागृहात लावायला आत्याचा फोटो हवा होता. सेक्रेटरींनी विचारलं, "आतून काहीतरी म्हणालात, बाई. काय ते कळलं नाही."

त्या शब्दाचा अर्थ मी सांगितला नाही. उंबऱ्यापलीकडे ते उभे होते आणि मी दारात. फोटो देणार नाही, असं मी म्हणाले, आणि ते फाटकाबाहेर जाईपर्यंत तशीच उभी राहिले.