देवकी मोजत असते तेव्हा

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत देवकीचं घर होतं, आणि त्या घराचा एकच नियम होता. ती मोजत असली की कोणी बोलायचं नाही. मग तो पाहुणा असो, पोस्टमन असो की खुद्द नवरा असो. एकदा एका कूलरवाल्यानं दारातूनच "झालं का बाई?" असं विचारलं. तिचा तारेच्या वेढ्यांचा आकडा चुकला, कूलरची मोटार जळाली आणि तो भांडायला आला. देवकीनं त्याला असं काही ऐकवलं की पुढे गल्लीत शिरल्यावर तो सायकलची घंटीसुद्धा वाजवत नसे.

माझं धरमपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. ट्रान्सफॉर्मर जळाला की नवी तार गुंडाळून घ्यायला मी तिच्याकडे जायचो. हे काम करणारे माझ्या दुकानाच्या आसपासही होते, पण त्यांनी गुंडाळलेली वस्तू चार महिन्यांत परत यायची, आणि परत आलेलं गिऱ्हाईक कसं बोलतं ते मला चांगलं ठाऊक आहे. देवकीनं गुंडाळलेलं परत येत नसे. तेवढ्यासाठी मी भर उन्हात सायकल हाणत जायचो आणि वर तिची बोलणीही खायचो.

ती मूळची विणकराच्या घरची. माहेरी माग, सासरीही माग. लहानपणापासून चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. नवरा कवडू लुगडी विणायचा. पुढे पॉवरलूमचा माल आला, हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि एक दिवस कवडूनं माग उकलून माळ्यावर टाकला. कवडू खचला. देवकी खचली नाही, ती चिडली. जवळच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे जाऊन म्हणाली, "सूत काय न् तांबं काय, गुंडाळाचंच आहे ना? मले शिकव." तो हसला, पण त्यानं शिकवलं. तिनं आपल्याच चरख्याला थोडी ठोकपीट करून घेतली आणि सुताच्या जागी तांब्याची तार आली.

मोजायची रीतही तिची स्वतःची होती. शंभर वेढे झाले की एक चिंचोका वाटीतून ताटलीत टाकायचा. तो चिंचोका पडला की क्षणभर हात थांबायचा, मान वर व्हायची, आणि तेवढ्यात घरच्यांनी काय ते खुणेनं विचारून घ्यायचं. बोलून नाही. पाणी, चहा, दळण, पाहुणा, सगळ्याला खूण ठरलेली. 'चालता हो इथून' याचीही एक खूण होती आणि माझ्या पाहण्यात तीच सगळ्यांत जास्त वापरली जायची. बिचारा कवडू मागावर बसून दिवसभर गप्पा हाणणारा माणूस. आता तार कापणं, ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पत्त्या बसवणं असली कामं तो मुकाट्यानं करायचा आणि माझ्यासारखा कोणी आला की त्याला ओट्यावर गाठून मन मोकळं करायचा.

सन शहाऐंशीच्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या यमुताई माझ्या दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी विटेएवढं एक काळं खोकं काढलं आणि टेबलावर अशा हलक्या हातानं ठेवलं की मला वाटलं आत काही जिवंत आहे.

"हे मी मारलं हो, वसंतराव," त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान दत्तोपंत कचेरीतून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. लिहून सांगावं तर हात इतका थरथरायचा की कागदावर नुसत्या रेघोट्या उमटायच्या. मग विलायतेत असणारा त्यांचा पुतण्या गिरिधर सुटीवर आला तेव्हा त्यानं आपला जुना घरगुती कॉम्प्युटर त्यांच्याकडे ठेवला. टाइपरायटरसारखी बटणं असलेली ती पेटी टीव्हीला जोडायची, की दाबलेलं अक्षर टीव्हीवर दिसायचं. बटण दाबायला हात थरथरला तरी चालतं. मराठी अक्षरं त्यात नव्हती. दत्तोपंत एका बोटानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, आणि यमुताई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहून, चष्मा सावरत, अक्षराला अक्षर लावून वाचायच्या. वर्षभर त्या दोघांचा संसार असा टीव्हीच्या पडद्यावर चालला होता.

टेबलावरचं खोकं म्हणजे त्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. घरातली वीज उतरवून पेटीला झेपेल एवढीच द्यायची, हे त्याचं काम.

"तापायचं हो फार. माणसाला ताप भरावा तसं. म्हणून मी त्यावर ओलं फडकं ठेवायची, आपण माठाला गुंडाळतो ना, तसं."

विजेच्या वस्तूवर ओलं फडकं. हे नागपूरच्या उन्हाळ्यातच कोणाला सुचू शकतं. दुसरं कोणी असतं तर मी चांगला फैलावर घेतला असता, पण यमुताईंचा चेहरा बघून गप्प बसलो. पाणी हळूहळू सांध्यातून आत गेलं असणार. आणि गेलं ते नेमकं नको त्या वेळी.

"ते मला काहीतरी सांगत होते," यमुताई म्हणाल्या. "'यमू, मला' एवढं पडद्यावर आलं, आणि सगळं काळं झालं. मला काय, ते राहिलंच."

नंतर त्यांनी दत्तोपंतांना विचारून पाहिलं होतं. दत्तोपंतांनी दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावली, यमुताईंच्या तोंडाकडे हात केला, मग तोच हात स्वतःच्या डोक्यामागे नेला. यमुताईंनी अर्थ लावला की यांना दिसेनासं झालंय आणि डोकंही दुखतंय. त्या त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी थेंब दिले. दत्तोपंतांनी आठवडाभर निमूटपणे डोळ्यांत थेंब घालून घेतले आणि खुणा करणं सोडून दिलं.

"जाऊ दे असा हात हलवतात नुसता. माझ्यावर रागावले असतील का हो? की तब्येतीचं काही असेल आणि माझ्यापासून लपवत असतील? मला झोप लागत नाही."

मी खोकं उघडलं. आत डांबरासारखं काहीतरी ओतून सगळं बुजवून टाकलेलं. दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता, सगळं नव्यानं करायला हवं होतं. एक बरं होतं, कशी आणि किती वीज लागते ते खोक्याच्या पोटावर छापलेलं होतं. दोन तऱ्हेची लागायची, एक सरळ केलेली, म्हणजे डीसी, आणि एक तशीच, एसी. म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर दोन वेगवेगळी गुंडाळणी. आकडा जरा चुकला आणि जास्त वीज गेली तर खोकंच काय, कॉम्प्युटरही जायचा, आणि त्याबरोबर दत्तोपंतांचं बोलणंही. मी म्हटलं, हे देवकीचं काम.

यमुताई म्हणाल्या, आम्हीही येणार. माझा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं दोघं सक्करदऱ्याला आली.

देवकीनं सगळं ऐकून घेतलं, खोकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि ओल्या फडक्याचं ऐकून यमुताईंकडे बघितलं. "बाई, तुमी याले न्हाऊ घातलं," एवढंच म्हणाली. मग सगळ्यांना नियम सांगून ती चरख्याशी बसली.

यमुताईंचं एक होतं. नवऱ्याचं बोलणं बंद झाल्यापासून त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या. पहिलेच शंभर वेढे होत आले असतील नसतील, तोच त्या म्हणाल्या, "अहो, दाराशी झळ लागते, आत सरका." देवकीचा हात थांबला. तिनं तार उलटी उकलली आणि पुन्हा सुरुवात केली. थोड्या वेळानं यमुताई म्हणाल्या, "पाणी हवंय का?" देवकीनं पुन्हा तार उकलली, आणि ती 'चालता हो'ची खूण केली. यमुताईंना ती कळली. या एका खुणेला डॉक्टर लागला नाही.

त्या बाहेर ओट्यावर आल्या. तिथं मी आणि कवडू होतो. कवडूला गिऱ्हाईकच हवं होतं; त्यानं त्यांना माग कसा लावायचा इथपासून सांगायला सुरुवात केली. यमुताईंचं मात्र लक्ष आत होतं. दत्तोपंत आतच बसले होते, देवकीच्या समोर, पाटावर. देवकीच्या घरात मोजणी चालू असताना बसू शकलेलं ते माझ्या माहितीतलं पहिलं गिऱ्हाईक.

चिंचोका पडला. देवकीनं मान वर केली. दत्तोपंतांनी बोटानं चरख्याकडे दाखवून काहीतरी विचारलं, देवकीनं हात कमरेएवढा खाली धरून उत्तर दिलं, एवढीशी होते तेव्हापासून. पुन्हा चरखा फिरला, पुन्हा चिंचोका पडला. आता तिनं विचारलं, गळ्यावर बोट ठेवून. त्यांनी उत्तर दिलं. पुढच्या चिंचोक्याला तर दोघंही हसले, आवाज न करता. दोन वर्षांत मी दत्तोपंतांना हसताना पाहिलं नव्हतं. यमुताईंनीही पाहिलं नसावं. त्यांचा चेहरा उतरला.

मग दत्तोपंतांनी ती खूण केली. दोन बोटं डोळ्यांना, हात दाराबाहेर यमुताईंकडे, आणि मग डोक्यामागे. देवकीनं त्यांच्याकडे पाहिलं, बाहेर यमुताईंकडे पाहिलं, आणि चटकन मान हलवली. समजलं.

गुंडाळणी संपल्याबरोबर यमुताई आत गेल्या. "काय म्हणाले ते? मला सांगा."

"मले समजलं," देवकी तारेचं टोक कापत म्हणाली. "पण मी काहून सांगू? नवरा तुमचा आहे. मशीन होऊन राहिली, त्यायच्याच तोंडून ऐका."

"वाईट आहे का काही?"

"वाईट असतं तं तुमाले मशीनची वाट पाहू दिली असती काय मी? जा, जेवून घ्या दोघं."

यमुताईंना राग आला होता, मला दिसत होता. परक्या बाईला एका सकाळीत कळलं आणि आपल्याला कळू नये, हे कोणालाही लागेल.

ट्रान्सफॉर्मरला वार्निश पाजून देवकीनं तो पत्र्यावर उन्हात ठेवला. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन निदान वार्निश वाळवायच्या कामी येतं. मी माझ्या दुकानात बाकीची जोडणी केली. भोकांची जाळी असलेली पत्र्याची पेटी केली, म्हणजे वारा खेळता राहील आणि कोणाला माठ आठवणार नाही. मीटर लावून दोन्ही बाजू तपासल्या. छापल्याप्रमाणे होत्या, तरी मी पुन्हा तपासल्या.

न्यायच्या दिवशी देवकी स्वतः आली. गुंडाळलेली वस्तू चालताना तिनं कधी पाहिली नव्हती, म्हणाली, ही पाहाची आहे. दत्तोपंतांच्या घरी कूलर घरघरत होता, टीव्हीवर लेसचा रुमाल होता. मी जोडणी केली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. पडदा हळूहळू उजळला.

दत्तोपंत खुर्चीत बसले. यमुताई सवयीनं खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि चष्मा पुसू लागल्या. एकेक अक्षर उमटत गेलं. यमू. मला. यमुताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. मला वाचता येत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. देवकीनं माझ्याकडे बघून तशी खूणच केली होती.

यमुताई लावून लावून वाचत होत्या. "यमू, मला... तुझा... चेह... चेहरा. यमू, मला तुझा चेहरा दिसत नाही." त्या थांबल्या. दत्तोपंतांचं बोट चालूच होतं. "तू वर्षभर माझ्या पाठीमागे उभी आहेस."

यमुताई खुर्चीला वळसा घालून पुढे आल्या आणि टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्यामुळे पडदा पूर्ण झाकला गेला. दत्तोपंतांनी बटणांवरचा हात उचलला, दोन बोटं डोळ्यांना लावली आणि तो थरथरता हात यमुताईंच्या तोंडाकडे नेला.

"अहो, मग एवढे थेंब कशाला घालून घेतलेत?" यमुताई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मला अजून पेटी किती तापते ते बघायचं होतं. देवकीनं माझ्या शर्टाची बाही धरली. "मी गुंडाळलं आहे ते, नाही तापत. चला वसंतभाऊ."

पेटी खरंच तापली नाही. दत्तोपंत पुढे तीन वर्षं तो कॉम्प्युटर वापरत होते, गिरिधरला पत्र सांगायला किंवा भांडणात मुद्दा मांडायला. बाकीचं सगळं खुणांवर. त्या खुणा शिकायला यमुताई दर गुरुवारी रिक्षा करून सक्करदऱ्याला जायच्या, आणि न बोलता बसायच्या, असं देवकीनंच मला सांगितलं. मला ते खरं वाटायला वेळ लागला.

पण त्या दिवशी मी देवकीला सायकलवरून घरी सोडायला गेलो तेव्हाची गोष्ट सांगायची राहिली. कवडू ओट्यावर वाट बघत होता. त्यानं आम्हांला पाहून हात वर केला आणि खुणेनं विचारलं, चालली का मशीन? दिवसभराची सवय, दुसरं काय. देवकीनं घरात कूलरवाल्यांच्या मोटारींचा ढीग पडलेला पाहिला, चरख्याकडे पाहिलं, आणि ती कवडूच्या समोर ओट्यावर बसली.

"बोल गा तू," ती म्हणाली. "आज मी मोजत नाही."