गोजरबाईचा झरा

“पाणी पायाला कळतं, डोळ्याला न्हाई,” असं गोजरबाई नेहमी म्हणायची.

तीर्थपुरीच्या खाली, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठावर आमचं गाव. उन्हाळ्यात जालन्याहून, थेट हैदराबादेहून माणसं यायची आणि आमच्या ऊन पाण्याच्या झऱ्यात दुखरे गुडघे बुडवून बसायची. पण दर पावसाळ्यात झरा वाळूखाली गडप व्हायचा. होळी झाली की गोजरबाई पहाटे अनवाणी वाळूत फिरायची. जिथं ऊब लागेल तिथं टाच रोवायची, आणि तिथंच कुदळ मारायची. पहिली ओंजळ तिची; मगच पाहुणे पाण्यात उतरायचे.

एका साली तिला हिवतापानं धरलं. तेव्हा तिनं धाकट्या भावाला, मच्छिंद्रला, हात धरून वाळूतून चालवलं आणि ती ऊब ओळखायला शिकवलं.

पुढल्या होळीला ती कुदळ घेऊन आली, तर झऱ्याभोवती पाटलाचा दगडी हौद उभा होता. दाराशी नवा फेटा बांधून मच्छिंद्र बसला होता.

“आक्का, आता कुदळीचं काय काम? न्हायला आलीस तर बायांची पाळी दुपारून हाय.”

“पाटलाला जागा कुणी दावली?”

मच्छिंद्र स्वतःच्या पायांकडं बघत राहिला.

“बराबर शिकलास,” ती म्हणाली.

कुदळ दारातच ठेवून ती वाळूतून अनवाणी निघाली. मच्छिंद्र बघत होता. हौदात बसलेले जुने पाहुणेही बघत होते. गुडघे ऊन पाण्यात होते. कुणी उठलं नाही.