खांबांमधली खोली

सोमाजीभाऊंनी सारी नोकरी एसटी चालवण्यात घालवली आणि स्वतःच्या घराखाली गाडीसाठी ऐसपैस जागा सोडली. गाडी काही आली नाही. तिथे एक स्कूटर, दोन सायकली आणि गल्लीतल्या सगळ्या मांजरी राहत. चंद्रपुरात इरईच्या काठाला आमची वस्ती, आणि मी त्यांच्या अगदी समोर राहते, म्हणून हे सांगते.

घर उंच खांबांवर आहे ते त्यांच्या बायकोच्या, बायनाबाईच्या हट्टामुळे. एका पुरात त्यांचं जुनं बसकं घर पाण्याखाली गेलं होतं. चिखल उपसता उपसता तिने नवऱ्याला बजावलं, "आता बांधा तं वर बांधा. मी पुन्हा चिखल काढनार नाई." मग खाली मोकळी जागा आणि वर दोन खोल्या असं घर झालं. पुढच्या पुरात आम्ही सगळे शेजारी तिच्याकडेच वर होतो. तिने मोठं पातेलं भरून खिचडी टाकली आणि आम्हालाच दटावलं, "भांडे कोन घासन?" विहारात वंदनेला तिचा आवाज सगळ्यांत पुढे. कोणाचं भांडण मिटवायचं असलं तरी तीच लागायची. रस्त्याने जाताना तिला हाक न मारणारा माणूस एकतर नवखा, नाहीतर तिच्याशी अबोला धरलेला.

मग ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिना काही तिला जमेना. वरच्या खिडकीतून आमचं पत्र्याचं छत तेवढं दिसायचं. छताशी माणूस किती बोलणार?

सोमाजीभाऊंनी ठरवलं, गाडीच्या जागेची खोली करायची. तीन बाजूंनी विटांची भिंत, पुढे दार, आणि मागच्या अंगाला थोडं वाढवून खुर्चीचा संडास. बायनाबाई दारात बसेल, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलेल. पण परवानगीशिवाय एक वीट लावणार नाही, हा त्यांचा हेका. रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबणारा हा माणूस. नकाशा घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेले, तेव्हा कळलं की त्यांचं घर झाल्यावर पूररेषा आखली गेली आणि ते निळ्या रेषेच्या आत, नदीच्या बाजूला आलं. आहे ते घर राहील, पण नवं किंवा वाढीव बांधकाम होणार नाही.

मला इतका संताप आला! पण काढायचा कोणावर? भाऊंनी आदेश नावाच्या ओळखीच्या इंजिनिअरला बोलावलं, तर त्यानेही खांब ठोकून पाहिले आणि मान हलवली.

"भाऊ, आता पुराचं पानी खांबांच्या मधून निंघून जाते. भिंत घातली तं ते भिंतीले रेटन अन् भिंत खांबाले. हे खांब वरचं वजन पेलाले बांधले, बाजूचा रेटा सहन कराले नाई. अन् संडासच्या टाकीसाठी पायाजवळ खोदलं तं पायाच उघडा पडन."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट. चाकांची खुर्ची सुखाने उतरेल असा उतार बांधायचा तर तो नदीत जाऊन संपला असता. घर विकावं तर रेषेतलं घर घेतो कोण?

शेवटी भिंतींविनाच खोली झाली. भाऊंनी फरशी घासली, पंखा टांगला, खांबांना पिवळा रंग दिला. शेजारचा धम्मदीप आणि त्याचा भाऊ कामावर जाताना बायनाबाईला खुर्चीसकट खाली आणत, संध्याकाळी परतले की वर नेत. दोघांनी कधी टाळाटाळ केली नाही. तिचा आवाज पुन्हा गल्लीत घुमू लागला. याच्या भाजीला नावं ठेव, त्याच्या सुनेची बाजू घे, दिवसभर तिचं सुरू. मला वाटलं, जिंकलो.

दुपारचा चहा मी नेऊन द्यायची. एकदा किल्ली विसरले म्हणून परत फिरले, तर बाई चहा जास्वंदीच्या कुंडीत ओतत होती.

"माहा चहा इतका बेकार हाये का?" मी भांडायलाच उभी राहिले.

"हळू बोल, रंजीता. चहा पेली तं सांजवरी काय करू? संडास वर हाये."

सकाळपासून तिने घोटभर पाणीही घेतलं नव्हतं. खाली यायला लागल्यापासून तिचं हेच चाललं होतं. आमच्याकडचा संडास बसका, तिला खाली बसता येत नाही. भांडं आणते, साडीचा पडदा धरते म्हटलं, तर तिचे डोळे भरले. "रस्त्यावर? सारी उमर मानानं राह्यली मी."

"मंग भाऊले सांग ना!"

"सांगतलं तं थो माणूस कायदा सोडून भिंत बांधन. अन् पानी आलं तं खांब जातीन. तुले माही शपथ हाये."

पुढे तिला ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं. घरी येताच ती नवऱ्याला म्हणाली, "खाली मन नाई लागत माहं. धूळ लय येते. मले वरच राहू द्या."

आता त्या जागेत पुन्हा स्कूटर उभी असते. काल मी चहा घेऊन वर गेले. तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि अजून मागितला. खाली उतरले तर सोमाजीभाऊ तिच्या, आता खालीच पडून असलेल्या खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

"रंजीताबाई, एवढं केलं मी. हिले खाली काऊन नसन करमलं? तुमच्यापाशी काई बोलली का?"

मी त्या पिवळ्या खांबांकडे पाहिलं.

"नाई भाऊ," म्हटलं, आणि रिकामा कप घेऊन घरी आले.