अडलंय तिथं चहा

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात ज्या ज्या घरात पाऊल टाकलं, त्या घरातली एक तरी वस्तू नंतर पहिल्यासारखी चालली नाही. बहुतेक वेळा ती पहिल्यापेक्षा बरी चालली, पण हे मोठ्यानं म्हणायला मला इतकी वर्षं लागली की तोवर तोंडातले दातही माझे राहिले नाहीत. माझ्या लेकीच्या लग्नाची बोलणी करायला त्या राहात्याहून नगरला आमच्याकडे पहिल्यांदा आल्या, तेव्हा आता मानपानाचा विषय निघणार म्हणून मी इस्त्रीची साडी आणि इस्त्रीचाच चेहरा करून बसले होते. विहीणबाईंनी पोह्यांची बशी हातात घेतली, आतून येणारा आवाज कान देऊन ऐकला आणि विचारलं, "बाई, तुमचा मिक्सर रडतोय व्हय?" पोहे संपायच्या आत मिक्सर चहाच्या ट्रेमध्ये सुटा होऊन पडला होता आणि माझा होणारा जावई मान खाली घालून एकेक स्क्रू धरून बसला होता. मानपान राहून गेलं. मिक्सर अजून चालतो.

मी तेव्हा कशी होते, तेही सांगून टाकते, कारण आता माझंच मला हसू येतं. शाळेत मुलींना गृहशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि सगळं जग म्हणजे आपलीच मांडणी आहे, अशा थाटात वावरत होते. घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. एका डब्यावर तर 'रिकामा डबा' अशी चिठ्ठी होती, आणि त्यात कुणी काही ठेवलं तर मी चिडायची. अशा बाईला विहीण मिळाली ती ही! पॉलिटेक्निकच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून शिकलेल्या, नवऱ्यामागे शेतीची अवजारं बनवायची शेड चालवणाऱ्या, आणि डिप्लोमा झाला तरी 'हाय-न्हाई' न सोडलेल्या.

त्यांच्या शेडमध्ये कशालाच ठरलेली जागा नव्हती, फक्त फसलेल्या वस्तूंना होती. समोरच्या भिंतीवर खिळे ठोकून वाकडे गिअर, उलटं बसवलेलं पातं, कांदे निवडायच्याऐवजी चिरणारी एक चाळणी, असं सगळं मिरवत टांगलेलं. दसऱ्याला पहिलं हळदीकुंकू त्यांना, मग चालत्या यंत्रांना. "चालणारं मशीन पोटाला देतं, पर शिकवलं ह्यांनी," असं त्या म्हणायच्या आणि वाकड्या गिअरला झेंडू वाहायच्या. नोकरीसाठी मुलगा आला की त्याचे मार्क विचारायच्या नाहीत. "घरातलं काय खोलून बसला हुतास? परत जोडल्यावर काय उरलं?" काही उरलं नाही, असं फुशारकीनं सांगणारा सहसा परत जायचा. आठवडी बाजाराच्या दिवशी चांगल्या शिकल्यासवरल्या इंजिनिअरला भर कामातून उठवून बाजारात पाठवायच्या, आणि पिशवी मागितली तर रागवायच्या: "आणायचं काय न्हाई रे. नुस्ता फिरून ये, लोकांचं कुठं अडतंय ते बघून ये." एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही त्या गाव-आडनाव विचारण्याआधी "तुमचं काय अडलंय?" असं विचारायच्या. लोक आधी दचकायचे, मग शिर्डीपासून कोपरगावपर्यंत थांबायचेच नाहीत.

पण या सगळ्यांवर कडी म्हणजे चहा. शेडमध्ये चहाची किटली एकच, आणि तिची जागा रोज सकाळी विहीणबाई ठरवायच्या. जे यंत्र अडलेलं असेल, जमत नसेल, त्याच्या अगदी शेजारी स्टूल ठेवून त्यावर किटली. ज्याला चहा हवा त्यानं तिथं उभं राहून प्यायचा. वेल्डर असो, हिशेबाची मुलगी असो, माल न्यायला आलेला टेम्पोवाला असो, नाहीतर सुनेची आई असो. यंत्राबद्दल बोललंच पाहिजे, असा नियम नव्हता. सुनेच्या तक्रारी करा, पावसाबद्दल बोला. "डोळं रिकामं असलं की बघत्यात," एवढंच त्यांचं म्हणणं.

जावई पुण्याच्या कंपनीत नोकरी करून शेडमध्ये परतले ते सुधारणा घेऊन. त्यांनी एक काचेची खोली बांधली, भिंतीला पांढरा फळा लावला, रंगीत बीन बॅगा आणल्या आणि दारावर 'नवकल्पना कक्ष' अशी पाटी लावली. मला ती पाटी इतकी आवडली की मी तिचा फोटो काढून घेतला. विहीणबाई कौतुकानं एकदा बीन बॅगेत बसल्या आणि त्यांना बाहेर काढायला दोन वेल्डर लागले. त्यानंतर त्या खोलीत कल्पना सुचली ती एकच, आणि तीही जावयांना: चहा ज्याच्या त्याच्या टेबलावर द्यावा, म्हणजे वेळ वाचेल.

त्या वर्षी अडलं होतं ते भात झोडायचं पायडलचं मशीन. विहीणबाई एकदा भंडारदऱ्याकडे गेल्या होत्या. तिथं डोंगरातल्या खाचरांत बायका भाताच्या पेंढ्या आपटून आपटून खांदे धरून बसलेल्या त्यांनी पाहिल्या, आणि अकोले तालुक्यातल्या एका बचत गटाला त्या शब्द देऊन आल्या की यंदाच्या कापणीला डोक्यावरून नेता येईल असं मशीन देते. मशीन झालंही. पायडल मारलं की ड्रम गरगर फिरायचा, पेंढी धरली की दाणे सुटायचे. पण ते सुटायचे ते चौफेर! म्हणून वरून पत्र्याचं झाकण बसवलं, तर गटाच्या प्रमुख बाई येऊन म्हणाल्या, "आक्का, मशीन लई बेस हाय, पर ह्याचं टोपरं उचलंना. चढाला मशीन न्यायचं का टोपरं?" पातळ पत्रा लावला, तो थरथरून फाटला. झाकण काढलं की दाणे उडाले, लावलं की ओझं झालं. कित्येक आठवडे किटली तिथून हलली नाही. चहाला येणारे सगळे एका हातात कप आणि दुसरा हात कपावर झाकणासारखा धरून उभे असायचे, कारण विहीणबाईंना बोलता बोलता पायडल मारायची खोड, आणि चहात भाताचे दाणे पडायचे.

शेवटी जावई म्हणाले, "आई, कापणीपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर गटाला कळवून टाकू की होत नाही. आणि मग चहा टेबलावर."

"शब्द दिलाय रे मी त्या बायांना."

"म्हणूनच म्हणतोय. आशेवर नको ठेवायला."

लेकीनं हे फोनवर सांगितलं आणि मला वाटलं, आता आपण जाऊन विहीणबाईंची समजूत घालावी. समजूत म्हणजे काय, तर भाषण. एसटीत मी ते पाठ करत गेले. उतरले तेव्हा सडकून पाऊस लागला होता, पण माझ्याकडे लेकीनं दिलेली नवी निळी, पांढऱ्या फुलांची छत्री होती. शेडमध्ये शिरले, तर ओली छत्री ठेवायची कुठे? कुणीही शहाण्या माणसानं ती कोपऱ्यात फेकली असती. मी गृहशास्त्राची बाई! छत्री उघडीच वाळली पाहिजे, जमिनीला टेकता कामा नये, म्हणून मशीनचं झाकण काढलेला जो सांगाडा समोर होता, त्याच्यावर मी ती उघडून नीट अडकवून ठेवली. मग कप घेतला, कपावर हात ठेवला आणि भाषण सुरू केलं. "विहीणबाई, प्रत्येक गोष्टीची एक जागा असते. चहाची जागा चहाला, कामाची जागा कामाला..."

विहीणबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा पाय पायडलवर गेला, हातात पेंढी आली. ड्रम फिरायला लागला. माझ्या डोक्यात माझंच भाषण चाललेलं, त्यामुळे छत्रीवर आतून तडतड वाजतंय हेही मला उशिरा कळलं. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे कुणी बघत नाहीये. आणि मग दिसलं: वेल्डरनं कपावरचा हात काढला होता. हिशेबाच्या मुलीनंही. जावयांनीही. दाणे छत्रीला आपटून, तिच्या पोटावरून घसरून खालच्या ताडपत्रीवर मुकाट्यानं ढीग होऊन पडत होते.

"विहीणबाई," त्या पायडल न थांबवता म्हणाल्या, "भाषण चालू ठेवा. पर छत्रीला हात लावू नका."

तासाभरात माझ्या छत्रीच्या काड्या वेल्डरकडे आणि कापड ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्या शिंप्याकडे गेलं. मी नगरला परतले ती चिंब भिजून, हातात नुसता दांडा घेऊन. कापड दोनदा फाटलं, ताडपत्री जड झाली, काड्या वाकल्या; भिंतीवर नवे खिळे ठोकावे लागले. पण कापणीआधी गटाच्या बाई आल्या, त्यांनी ते मिटतं टोपरं मिटवलं, काखेत मारलं आणि दोन्ही हात मोकळे करून दाखवत म्हणाल्या, "आता हे म्हातारीबी न्हेईल!" काचेच्या खोलीत त्यानंतर कोरडे राहावेत म्हणून बेअरिंगचे खोके ठेवायला लागले. शोध मीच लावला, असं मी अजून सगळ्यांना सांगते. त्यावर विहीणबाई म्हणायच्या, "तुमी न्हाई हो, तुमच्या शिस्तीनं लावला. तिला आमच्याकडं कामाला ठेवून जा." छत्री मात्र त्यांनी आजतागायत भरून दिलेली नाही.

यंदा उन्हाळ्यात विहीणबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं. पण विहीणबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. वॉकर कोपऱ्यात. जेवायला सांगितलं तर जेवायच्या, गोळी दिली तर घ्यायच्या, आणि शेडमध्ये काय चाललंय हे एकदाही विचारायच्या नाहीत. मी जाऊन बसले, रागावून पाहिलं, लाडानं पाहिलं, छत्रीची वसुलीसुद्धा काढली. त्या नुसत्या "व्हय" म्हणाल्या. त्यांचं ते एवढंसं "व्हय" ऐकून मला घरी जावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई शेडमधून स्कूटरवर किटली घेऊन आले. मागोमाग वेल्डर, शिंपी, हिशेबाची मुलगी, कुठलासा टेम्पोवाला. जावयांनी पलंगाशेजारी स्टूल ठेवलं, त्यावर किटली ठेवली आणि सगळ्यांना कप दिले. लोक उभ्याउभ्या पावसाबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागले. विहीणबाईंचं तोंड भिंतीकडेच होतं. मग म्हणाल्या, "इथं कशाला आणलीय किटली?"

"अडलंय तिथं आणलीय, आई," जावई म्हणाले.

त्या वळल्या. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, मग कोपऱ्यातल्या वॉकरकडे. "आण ते इकडं," त्या म्हणाल्या. मुठीवरून हात फिरवला, तोंड वाकडं केलं. "ही मूठ कुणी केलीय? बाईचा हात कधी बघितला न्हाई का त्यानं? थांबा, कुठं रुततंय ते दावते." आणि दाखवायला म्हणून त्या उठल्या. वेल्डर पुढं झाला, तर त्याला डोळ्यांनीच मागं सारलं. एक पाऊल पडलं. मग दुसरं.

माझा हात सवयीनं कपावर गेला. आता चहात दाणे पडायची काही भीती नव्हती, तरी मी तो तसाच धरून ठेवला.