उबेची जागा

जेचन गावात जमीन घालणारा गवंडी म्हटलं की मा चिलबोकचंच नाव निघायचं. बाहेरच्या चुलीचा जाळ खोलीखालच्या दगडी बोगद्यांतून फिरवून पलीकडच्या धुराड्याला नेऊन सोडायचा, आणि वर माणसांनी अनवाणी बसायचं, तिथेच झोपायचं. खोलीत ना धूर, ना राख. उशिरा येणाऱ्या माणसाचा भात गोधडीखाली ठेवला तर तासाभरानंही वाफाळता निघायचा. चिलबोकला याचा भलताच ताठा. जमिनीखाली नळ घालून गरम पाणी फिरवणारे नवे कारागीर गावात आले, तेव्हा तो म्हणाला होता, "जमिनीला आतडी बसवतायत मेले!"

पण लाकूडतोडीला बंदी आली, आणि त्याच चुलींत कोळशाच्या वड्या जळू लागल्या. तेव्हापासून त्याच्या पोटात भीतीनं घर केलं. लाकडाचा धूर भेगेतून वर आला तर माणूस खोकत पळतो तरी. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही की वास येत नाही. आणि आधी वर येतो तो चुलीजवळच्या टोकाला, सगळ्यांत उबेच्या जागेवर. ती जागा द्यायची कुणाला, तर म्हाताऱ्यांना, पाहुण्यांना, बाळंतिणीला.

त्या जानेवारीत त्याची मुलगी ओकसिम बाळंतपणाला माहेरी आली. अकरा दिवसांच्या लेकीला घेऊन ती अर्थातच उबेच्या जागेवर. वारा लागू नये म्हणून तिच्या आईनं दाराच्या फटीसुद्धा कागदानं बुजवल्या होत्या.

दुपारी चिलबोक कामावरून आला. ओकसिम कपाळ दाबत पडली होती, बाळंतिणीसाठी केलेल्या समुद्री शेवाळाच्या सूपचा वाडगा तसाच.

"बाबा, डोकं नुसतं ठणकतंय."

"बाळंतिणीचं दुखतंच," बायको म्हणाली. "लगेच तोंड पाडू नका. स्वतःच्याच जमिनीला घाबरणारा गवंडी जगात एकटाच असेल!"

"पोर कशी आहे?"

"सकाळपासून झोपलीय. भारी गुणाची."

"दूध?"

"उठली तर पिईल ना!"

चिलबोकनं पोर उचलली, तर तिची मान लुळी पडली. लाथेनं दार उघडून तो बर्फात धावला. मागून बायको ओरडत होती, "अहो, वारा लागेल! जीव घेताय का तिचा?" तिचंही खोटं नव्हतं, त्याला वाऱ्याचीही भीती वाटत होती. ओकसिम धडपडत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच ओकली. आता बायकोच्या ध्यानात आलं. तिनं मुलीला ओढून अंगणात आणलं आणि वायू बाधला की पाजतात ते मुळ्याच्या आंबवलेल्या किमचीचं गार पाणी आणायला धावली. चिलबोक पोरीच्या तळव्यांवर टिचक्या मारत राहिला. एक, दोन, दहा. रडत नव्हती. तो स्वतःच रडायला लागला, तेव्हा कुठे ती किरकिरली आणि मग टाहो फोडून रडली.

दोघी शेजारच्या घरी सुखरूप पोचल्यावर भेग शोधायला त्यानं चुलीत ओला पेंढा पेटवला आणि दारात उभा राहून पाहू लागला. बाळाच्या दुपट्याखालून धुराची बारीक रेघ वर आली.

तिथलं लिंपण त्यानंच पातळ केलं होतं. शरदात, लेक येणार म्हणून. तिला ऊब चटकन मिळावी म्हणून. शेजारणी वाखाणू लागल्या, तशी त्याच हौसेनं आणखी नऊ घरांत तसंच केलं.

त्या जमिनी फोडायला त्यानं हातोडा उचलला आणि पळत सुटला. वाटेत नळवाल्याचं दुकान लागलं. "माझ्या घरात तुझे नळ घाल," तो धापा टाकत म्हणाला. "आणखी नऊ घरांतही. पाण्याला भेग सापडली तर जमीन ओली होते, माणूस मरत नाही."

"दादा, तुम्ही म्हणताय हे? मग तुमचा धंदा?"

तोवर तो पुढे पळाला होता.

पहिलं घर बान आजीचं. ऐंशी वर्षांची म्हातारी एकटी राहायची. ती उबेच्या जागेवर बसली होती. त्याला पाहताच सरकली आणि हातानं जमीन थोपटली.

"ये रे चिलबोक, गारठला असशील. बस इथे. तूच तर घातलीयस, काय छान तापते! मी तर सकाळपासून हललेच नाही." तिनं कपाळ चोळलं. "आज डोकं तेवढं जड आहे."