कळ्यांना जोड

मी आयुष्यभर नळकाम केलं. पाइप कापायचे, आटे पाडायचे, गळती शोधून बंद करायची. निवृत्त झालो तरी हात ऐकत नाहीत. घरात न गळणाऱ्या वस्तूही मी उघडून बघतो. बायको म्हणते, "तुम्हाला स्वस्थ बसवणं म्हणजे शिक्षाच." मला ही स्तुती वाटायची.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलीने तिला दवाखान्यातून परस्पर आपल्या घरी नेलं. मी आणायला गेलो, तर मुलगी दारातच उभी.

"आई आता इथेच राहील, बाबा. तुमच्याने नाही व्हायचं."

"का? हातपाय धड आहेत माझे."

"तोच तर घोळ आहे. चांगला चाललेला मिक्सर उघडता तुम्ही."

"आवाज करत होता."

"मिक्सर आवाज करतोच, बाबा!"

आतून, पलंगावरून, बायकोने तोड काढली. "घरी माझ्या निवडुंगाला कळ्या धरल्यात. हिवाळ्याच्या सुट्टीत फुलतो तो. तोवर सांभाळून दाखवा, मी येते. वरची माती सुकली की पाणी. अंधार पडला की त्या खोलीत दिवा नाही. आणि कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही. बास."

मला हसूच आलं. एवढ्याशा कामावर बायको परत मिळत होती!

निवडुंग बिनकाट्याचा. चपटे हिरवे तुकडे एकाला एक जोडलेले, टोकांना गुलाबी कळ्या. इतके जोड बघून मला तो आपल्यातलाच वाटला. सुरुवातीला मी नियम पाळले. पण कळ्या सगळ्या खिडकीच्या अंगाला आणि मागची बाजू बोडकी, हे मला बघवेना. शिवाय जो व्हॉल्व्ह कोणी फिरवत नाही तो जाम होतो, हे मला ठाऊक. न फिरवण्याचा नियम एखाद्या आळशी माणसाने काढला असणार, असं ठरवून मी रोज सकाळी कुंडीला थोडा पीळ देऊ लागलो.

एका सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर कळी पडलेली. मी घाबरून पाणी वाढवलं. आणखी कळ्या पडल्या. म्हणजे गळती. आणि गळतीवर मला उपाय येतो.

पडलेल्या कळ्यांचे देठ मी कोरड्या फडक्याने पुसले. प्लास्टिकचे पाइप चिकटवायला लावतात ते सोल्युशन बारीक काडीने लावलं, आणि एकेक कळी धरेपर्यंत दाबून बसलो. सोल्युशन कुठे ओघळलं नव्हतं. काम चोख होतं, हे मी आजही सांगेन.

सुट्टी लागली तशी मुलगी आईला घेऊन आली. काठी टेकत बायको आधी खिडकीशी गेली.

"फुलला नाही?"

"फुलेल. जरा हट्टी आहे."

तिने नाक जवळ नेलं. "अहो, याला पाइपचा वास का येतोय?"

मी छताकडे बघितलं. मुलीने एक कळी ओढली. कळी सुटली नाही. तिच्यासकट हिरवा तुकडाच हातात आला.

"जोड पक्का बसलाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बघितलंस, आई?" मुलगी म्हणाली. "यांना काहीच करायचं नव्हतं. तेवढंही जमलं नाही."

खरं होतं. "जा तू हिच्याबरोबर," मी बायकोला म्हणालो. "माझ्याने नाही झालं."

ती हसायला लागली. इतकी हसली की मुलीला खुर्ची ओढून द्यावी लागली. मग डोळे पुसत तिला म्हणाली, "व्यायाम शिकवणारी बाई काय सांगून गेली? गुडघा रोज वाकवा, दुखला तरी. तुझ्याकडे मी 'आज राहू दे' म्हटलं की तुम्ही सगळे राहू देता. म्हणून हा अजून लाकडासारखा आहे. या माणसाला काहीच राहू देता येत नाही. मी इथेच थांबते." मग माझ्याकडे वळली. "पण गुडघ्याला ते सोल्युशन नाही हं!"

मुलीने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कुंडी उचलली.

"आई राहू दे इथे. हा मी नेते."

मी मागोमाग गाडीपर्यंत गेलो. वळणावर कुंडी कलंडेल, म्हणून तिला सुतळीने सीटला आवळू लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "हात काढा."